चालू इंजिनाची बॅटरी

सांगायचं राहून गेलं असं नाही. मी सांगितलं नाही. पंचवीसेक वर्षं झाली — एवढ्या वर्षांत वेळ मिळाला नाही असं कोण म्हणेल? बायकोसमोर बसून रोज सकाळी चहा घेतो, तिला सांगितलं नाही. आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा आठ दिवस तिच्या उशाशी होतो, तिला नाही. आणि ज्या माणसाला सांगायलाच हवं होतं तो माझ्यापासून वीस पावलांवर अख्खा पावसाळा गाड्या धूत उभा होता. त्यालाही नाही. आता तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात धैर्यबिर्य काही नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

मी पेडण्याचा. आमचे बाबा पाडेली होते — लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडणारे. छातीवर आणि तळपायांवर माडाने घासून झालेले काळे घट्टे. घरात बोलणं कोकणीत, लिहिणं-वाचणं मराठीत, आणि लिहिणं-वाचणं करणारा मी एकटाच. गोवा घटकराज्य झालं तेव्हा मी शाळेत होतो. म्हापशाच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या वाड्यावर दुसरा पदवीधर नव्हता. त्याचा मला अभिमान होता. अजून आहे. तो मी खाली ठेवणार नाही. त्या अभिमानानेच पुढचं सगळं करायला लावलं असं लिहिणार होतो — पण अभिमान कसला लावतो? केलं मी.

नोकरी लागली डिचोलीला, एका मोठ्या गॅरेजात. मालकाला सगळे पात्रांव म्हणायचे, मीही. खाणींचा पैसा तेव्हा गावात दिसायला लागला होता, आणि नव्या तऱ्हेच्या गाड्या येऊ लागल्या होत्या — कार्ब्युरेटर नसलेल्या, पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे एका पत्र्याच्या डबीतून ठरवणाऱ्या. ती डबी म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ईसीएम. पात्रांवांनी मला पंधरा दिवस पुण्याला शिकायला पाठवलं. परत आलो तो इंजिनियर होऊनच. म्हणजे सगळे तसं म्हणायला लागले. मी इंजिनियर नव्हतो, साधा बी.एस्सी. पण कोणी 'इंजिनियर सायब' म्हटलं की मी मान वळवायचो. पहिलं खोटं तिथलंच.

आणि तिथे कल्लाप्पा मिस्त्री होते. बेळगाव जिल्ह्यातले, पन्नाशी ओलांडलेले, पात्रांवांच्या वडिलांच्या काळापासून त्या गॅरेजात. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे — आणि कुठला वाल्व्ह वाजतो, कुठलं बेअरिंग गेलं, सांगून मोकळे. दहाच्या चहाला आम्ही उंडो, म्हणजे गोल पाव, आणि पातळभाजी खात बसायचो तेव्हा पोरं त्यांना 'घाटी घाटी' म्हणून चिडवायची. ते म्हणायचे, "खावा, खावा. तुमचा उंडो बी आमच्या घाटावरच्या गव्हाचा हाय की!" सगळे हसायचे. मीही हसायचो, जरा कमी — मी सायब होतो ना.

त्यांची एक जुनी रीत होती. त्यांचीच कशाला, त्या काळातल्या सगळ्याच मिस्त्रींची. डायनॅमो चार्ज करतो की नाही हे बघायचं, तर इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीची एक तार उचलायची. इंजिन चालत राहिलं तर डायनॅमो ठीक, बंद पडलं तर डायनॅमो गेला. संपलं. मीटर नको, काही नको. जुन्या गाड्यांना त्याने काही व्हायचं नाही. नव्या गाडीत मात्र बॅटरी ही नुसती वीज साठवणारी पेटी नसते. डायनॅमोतून उसळून येणारा जास्तीचा दाब ती पोटात घेते. चालू इंजिनावर तिची तार काढलीत की तो दाब एका क्षणात कित्येक पट उसळतो, आणि मग सापडेल त्याच्या अंगावर जातो. सापडतो तो ईसीएम.

हे मी पुण्याला शिकलो होतो. परत आल्या आल्या मी कल्लाप्पांना सगळ्यांसमोर थांबवलं. समजावून सांगितलं — मराठीत, फळ्यावर आकृती काढून. एवढ्या वर्षांची सवय. मला वाटलं, वाद घालतील. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "शिकल्याला मानूस सांगतोय म्हंजे खरंच असणार." त्या दिवसापासून त्यांनी चालू गाडीची तार उचलली नाही. एकदाही नाही. मी बघत होतो, म्हणून सांगतो. उलट एक वही केली त्यांनी, त्यात मला ईसीएमच्या जोडण्या मराठीत लिहून द्यायला लावल्या. संध्याकाळी हात धुऊन ती वही वाचत बसायचे. त्यांना नव्या गाड्या शिकायच्या होत्या. कळतंय ना तुम्हाला? माझ्या एका शब्दावर त्या माणसाने स्वतःच्या हाताची सवय मोडली.

आता त्या दिवसाकडे येतो.

मे संपत आला होता. साखळी गावच्या एका डॉक्टरबाईंची गाडी आली होती, नवीकोरी, बॅटरी सारखी उतरते म्हणून. पात्रांवांनी कामाच्या कागदावर कल्लाप्पांचं नाव घातलं. त्यांनी पट्टा तपासला, घट्ट केला, आणि पुढचं माझ्यावर सोपवलं — "मीटर तुमीच लावा सायेब." ते शेजारच्या जीपखाली गेले. एक वाजायला आला होता. एक ते तीन गॅरेज बंद, पोरं मागच्या नळावर हात धुवायला गेलेली. मला वाटलं कल्लाप्पाही गेले.

मी मीटर काढला. मीटरचा सेल उतरलेला. सेलचं दुकान बसस्टँडजवळ, शंभरेक पावलांवर. शंभर पावलं! डॉक्टरबाईंचा ड्रायव्हर, मये गावचा एक थोराड गडी, दाराला टेकून माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "कितें सायबा, पुस्तक घरा विसरलो काय? कल्लाप्पा एका मिनटान सांगपाचो!" आणि हसत हसत समोरच्या गाड्यावर चहा प्यायला गेला.

एवढंच. एवढंच झालं होतं. कोणी मला मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. पण पाडेल्याच्या मुलाने पदवी मिळवायची आणि एका ड्रायव्हरने त्याला घाटी मिस्त्रीपेक्षा कमी म्हणायचं? — हो, 'घाटी' हाच शब्द होता मनात, आता सभ्य करून कशाला सांगू. मी गाडी चालू केली. आणि बॅटरीची तार उचलली.

ज्याला मी ते करू नका म्हणून फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं, त्याचंच बघून शिकलेलं ते. इंजिनाचा आवाज किंचित वर गेला आणि गाडी बंद पडली. तार परत लावली, पण ती पुन्हा चालू झालीच नाही. मी किल्ली फिरवत राहिलो. फ्यूज बघितले. डॅशबोर्डखालून डबी सोडवली तर नाकाला जळका वास आला. उघडायची गरज नव्हती, तरी उघडली. आत एक भाग काळा पडून फुटला होता.

एक ते तीन मी त्या डबीसमोर बसून होतो. घाबरलो होतो म्हणायला सोपं आहे. मी घाबरून बसलो नव्हतो, मी शोधत होतो. ईसीएम कशाकशाने जातो हे माझ्याइतकं त्या गॅरेजात कोणाला ठाऊक होतं? एकेक कारण काढून त्याच्यामागे लपता येतं का, ते बघत होतो. पाणी? काचेखालच्या जाळीत पानं अडकली की पावसाचं पाणी आत उतरतं — पण मग पिनांवर हिरवा गंज दिसतो, आणि पाऊस अजून यायचा होता. खाणीची लाल धूळ? ती जोडण्यांत बसते, ओल धरते — पण गाडी दोन महिन्यांची, जोडण्या लखलखीत. अर्थची तार सैल? घट्ट होती. इग्निशन कॉइल आतून जळली, तर ईसीएमचा तेवढाच एक कोपरा जळतो. बॅटरी उलटी जोडली, तर आधी मोठा फ्यूज उडतो. बॉडीला वेल्डिंग केलं, तर कुठेतरी वेल्डिंग दिसायला हवं. प्रत्येक कारण आपली खूण ठेवून जातं. माझ्या कारणाने आपली खूण ठेवली होती, आणि ती वाचता येणारा माणूस तिथे एकच होता. मी.

तीनला पात्रांव आले. किंमत ऐकून त्यांचा चेहरा उतरला — ती डबी म्हणजे माझे कितीतरी महिने. त्यांनी विचारलं, कशाने गेला? मी खरं कारण सांगितलं. हो, कारण अगदी बरोबर सांगितलं, शास्त्रशुद्ध: चालू इंजिनावर बॅटरीची तार काढली गेली. 'काढली गेली.' कोणी काढली ते मी सांगितलं नाही. ते सांगायची गरजच पडली नाही. पात्रांवांनी कामाचा कागद बघितला, मागे वळले आणि ओरडले, "कल्लाप्पा! तुका हजार फावट सांगलां न्हय रे!"

कल्लाप्पा हात पुसत पुढे आले. "मी हात लावलो न्हाई हो. पट्टा तेवडा आवळलो. देवाशप्पत." पोरं जमली होती. त्यातला एक म्हणाला, "मग तार भुतान काडली?" हशा पिकला. त्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं त्यांना तारा उचलताना बघितलं होतं. कोण विश्वास ठेवणार?

आणि मी गप्प राहिलो.

इथपर्यंतची गोष्ट मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहे. गप्प राहिलो. तरुण होतो, नोकरी नवी, घरी बाबांचं वय झालेलं, तोंडातून शब्द फुटला नाही. ऐकायला बरं वाटतं, नाही? बिचारा, भित्रा. पण हेही खोटं आहे. मी गप्प राहिलो नाही. पात्रांव माझ्याकडे वळून म्हणाले, "तूं सांग, इंजिनियर." आणि मी म्हणालो, "जुनी संवय, पात्रांव. हात आयकना."

स्वच्छ आवाजात म्हणालो. जरा समजूतदारपणे. जसं काही मी त्यांची बाजूच घेत होतो. वर संध्याकाळी इंग्रजीत अहवाल लिहिला आणि खाली सही केली, पदवीसकट.

त्यांना काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं — कुठेतरी दुसऱ्या गॅरेजात मिस्त्री म्हणून तरी राहिले असते. पात्रांवांनी त्यांना कॉम्प्युटरवाल्या गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं आणि मागे गाड्या धुवायच्या रॅम्पवर टाकलं. चाकांची लाल माती फवाऱ्याने काढायची. जुनी जीप किंवा टेम्पो आला तरच पुढे बोलवायचं. आणि जुन्या गाड्या दिवसेंदिवस कमीच होत होत्या.

चार दिवसांनी ते माझ्याकडे आले. मी एकटा होतो. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. खालच्या आवाजात म्हणाले, "सायेब, एक इचारू? ती गाडी बंद पडायच्या आदी इंजनाचा आवाज वर गेल्ता. तार काडल्यावरच जातोय तसा. मी जीपखालीच हुतो. ऐकलो की."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. सगळी पोरं हसत होती तेव्हाही माहीत होतं. पात्रांवांसमोर ते एका वाक्यात मला उघडं पाडू शकले असते, आणि पाडलं नाही. एकट्याला गाठून विचारलं. दार उघडं ठेवून उभे राहिले होते ते माझ्यासाठी, मी स्वतःच्या पायांनी बाहेर यावं म्हणून. आवाजात राग नव्हता. राग असता तर मलाही भांडता आलं असतं.

मी म्हणालो, "मिस्त्री, वय झालं आता. कान वाजतात तुमचे."

वाचलंत ना? पुन्हा लिहीत नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य त्या दोन कानांवर उभं होतं, त्याला मी हे म्हणालो. गाडीची डबी जाळली तो एका क्षणाचा माज. पात्रांवांसमोर बोललो ते स्वतःला वाचवायला. पण हे? हे कशासाठी? ते काही मागत नव्हते. इथे मला वाचवायला काही शिल्लक नव्हतं, कारण ते बोलणार नव्हते हे मला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तरी मी बोललो. मला त्यांचं ऐकणं खोटं करायचं होतं, कारण ते खरं होतं.

त्यांनी भिजलेल्या पँटीला हात पुसले. मग "आसंल, आसंल" म्हणाले आणि रॅम्पवर गेले.

आणि त्यांनी ते खरं मानलं! हे मला सगळ्यात असह्य होतं. मी शिकलेला माणूस होतो ना — मी सांगतो म्हणजे खरंच असणार. श्रावणात एक जुनी जीप आली. कल्लाप्पांनी पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि मग उठून एका विशीतल्या पोराला हाक मारली. म्हणाले, "तू ऐक बघू जरा. तुला काय वाटतंय? माझ्या कानाचं काय खरं न्हाई आताशा." मी समोर टेबलावर काहीतरी लिहीत होतो. लिहीतच राहिलो. अजून सांगता येत होतं ना तेव्हा? उठायचं, तीन पावलं टाकायची, आणि म्हणायचं की तुमचे कान शाबूत आहेत. बाकीचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं, एवढं एक वाक्य. मी पेन फिरवत राहिलो.

दसऱ्याला गॅरेजात हत्यारांची पूजा असायची. सगळे पाने, जॅक, पेचकस धुऊनपुसून पाटावर मांडायचे, झेंडू वाहायचा, आणि सगळ्यात जुन्या हाताने नारळ फोडायचा. तो हात दरवर्षी कल्लाप्पांचा. त्या वर्षी ते आंघोळ करून, धुवट सदरा घालून पुढे उभे होते. पात्रांवांनी नारळ उचलला आणि माझ्या हातात दिला. "औंदां आमचो इंजिनियर फोडटलो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कल्लाप्पांनीही. मी नारळ परत देऊ शकत होतो. त्यांच्याकडे बोट करून 'मान त्यांचा' म्हटलं असतं तर मोठेपणाच मिळाला असता मला, काही जाणार नव्हतं. मी फोडला. एका फटक्यात, बरोबर मधोमध. पाडेल्याचा मुलगा, नारळ कळतो मला.

दिवाळीला ते गावी गेले ते आले नाहीत. निरोप पाठवला, तब्येत बरी नसते. पात्रांव म्हणाले, बरं झालं. मी काय म्हणालो आठवत नाही. बहुतेक 'हो' म्हणालो असेन. त्यांचं गाव इथून बसने चार तासांवर. मी बेळगावला त्यानंतर कितीदा गेलो — कामाने, लग्नांना. त्या फाट्यावरून गेलो. बसमधून उतरलो नाही. आता ते असतील-नसतील, मला माहीत नाही. विचारलं नाही.

माझं बरं चाललं. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षं नोकरी केली, मग मेकॅनिकांना शिकवायचे वर्ग घ्यायला लागलो. चांगला शिकवतो, खोटी नम्रता कशाला. ईसीएम का बिघडतो हा माझ्या वर्गातला सगळ्यात आवडता तास. कारण त्यात मी एक किस्सा सांगतो. आमच्या गॅरेजात एक जुना घाटी मिस्त्री होता. त्याला मी शंभर वेळा सांगितलं, चालू गाडीची तार काढू नको. पण सवय ती सवय. आणि मग एक दिवस — मी हाताने तार उचलल्याचा अभिनय करतो, तोंडाने फट् असा आवाज काढतो. वर्ग हसतो. ती गोष्ट ऐकल्यावर चालू इंजिनाची तार कोणी उचलत नाही म्हणे. कल्लाप्पांना मी गॅरेजातून घालवलं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर पोट भरलं. कुठल्या तोंडाने त्याला एक चूक म्हणू? एका दुपारी झालेली गोष्ट नाही ही. दर तुकडीला मी ती नव्याने करतो.

गेल्या सोमवारी नवी तुकडी आली. किस्सा सांगितला, फट् केलं, हसले सगळे. मागच्या बाकावर चाळिशीचा एक माणूस होता, मुरगावला बंदरात क्रेनवर काम करून आलेला. तो हसला नाही. त्याने हात वर केला आणि साधं विचारलं, "सर, त्या मिस्त्रीन मागीर कबूल केलें?"

मी म्हणालो, "हो. नंतर एकट्याने येऊन माझ्याकडे कबूल केलं. रडला बिचारा."

त्या माणसाने मान हलवली आणि ते वहीत लिहून घेतलं.

कल्लाप्पा मिस्त्रींनी काही कबूल केलं नव्हतं. रडलेही नव्हते.